दुसऱ्या यंत्रावरचं पहिलं बटण : विधानसभेची अपक्ष उमेदवारी, अर्जापासून हिशेबापर्यंत

विधानसभेला उभं राहायचं ठरवल्यावर मी ज्याला त्याला एकच विचारत होते, नेमकं करायचं काय? पक्षाच्या उमेदवारांकडे त्यासाठी माणसं असतात. अपक्षाला कुणी सांगत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी जे केलं, जे चुकलं आणि जे ऐनवेळी सावरलं, ते पुढच्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

माझं तालुक्याच्या गावी शिवणकामाचं दुकान आहे. राजकारणाशी संबंध आला तो एका पुलामुळे. आमच्या नदीवर पुलाचे तीन खांब उभे आहेत, वर स्लॅब नाही. पावसाळ्यात पलीकडच्या दोन गावांतली मुलं अकरा किलोमीटरचा वळसा घालून शाळेत येतात. तीन वर्षं अर्ज-विनंत्या केल्या. मग विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात असं कळलं, म्हणून रोज रात्री दुकान बंद केल्यावर त्या वाचायला लागले. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं), लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना हे शब्द मी तिथेच शिकले. आमदार म्हणजे निधी आणणारा माणूस एवढंच माझ्या डोक्यात होतं. सभागृहात मंत्र्याला उत्तर द्यायला लावणं हेही त्याचं काम असतं, हे तेव्हा समजलं. मी चाळलेल्या याद्यांत आमच्या पुलाचं नाव एकदाही सापडलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. अधिसूचना २२ ला, अर्जाची शेवटची तारीख २९, छाननी ३०, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २० आणि मोजणी २३ नोव्हेंबर. कॅलेंडरवर खुणा करताना पहिल्यांदा पोटात गोळा आला, कारण मधोमध दिवाळी होती आणि शिवणकाम करणाऱ्या बाईची वर्षाची कमाई दिवाळीत होते. नवरा म्हणाला, "ब्लाऊजच्या ऑर्डरी परत दे. पैसे पुढच्या वर्षी मिळतील." तो असं बोलला नसता तर मी इथेच थांबले असते.

१७ तारखेला प्रांत कार्यालयात गेले. आमच्या मतदारसंघाचे निवडणूक निर्णय अधिकारी म्हणजे प्रांतसाहेब. तिथल्या एका कारकुनाने शांतपणे सगळं सांगितलं. वय २५ पूर्ण हवं. अर्ज म्हणजे नमुना २ ब, शपथपत्र म्हणजे नमुना २६. सर्वसाधारण उमेदवाराला अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. फोटो दोन बाय अडीच सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, तीन महिन्यांच्या आतला.

दहा सूचक हे मला सगळ्यांत सोपं वाटलं होतं. पुलापलीकडच्या गावात गेले, एका संध्याकाळी दहा सह्या झाल्या. त्यात एक अक्का होत्या, वय सत्तरच्या पुढे, सही येत नाही. "माझा अंगठा चालंल का गं?" म्हणाल्या. अंगठा चालतो, पण तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उमटवावा लागतो, घरी उमटवलेला नाही. म्हणून अक्का माझ्याबरोबर प्रांत कार्यालयात आल्या, नवं लुगडं नेसून. त्यांच्यासाठी ती निवडणूकच होती.

प्रत्येक सूचकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अर्जात लिहायचा असतो. तो ताज्या यादीतून घ्या. मी जुन्या मतदार चिठ्ठ्यांवरून लिहिला, आणि ती चूक पुढे भोवली.

मग बँक. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खातं लागतं आणि ते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. खातं उमेदवाराच्या एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त चालतं. नवरा-बायकोचं जुनं खातं चालत नाही. मी २१ ला गेले तर "दोन दिवसांनी या", २३ ला गेले तर शाखेतल्या साहेबांना असं खातं असतं हेच पटेना. निवडणूक आयोगाच्या सूचनांची छापील प्रत पुढे ठेवल्यावर संध्याकाळी पाच वाजता खातं उघडलं. चेकबुक आठ दिवसांनी आलं. तुम्ही हे काम निवडणूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी करा.

शपथपत्राने मला सगळ्यांत जास्त थकवलं. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची पाच वर्षांची आयकर विवरणं, पॅन, रोकड, ठेवी, विमा, वाहनं, दागिन्यांचं वजन आणि किंमत, सातबारा, कर्जं, सरकारी थकबाकी, गुन्हे, शिक्षण असं सगळं भरावं लागतं. एकही रकाना रिकामा चालत नाही. काही नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचं, रेघ मारायची नाही. प्रत्येक पानावर माझी सही आणि नोटरीचा शिक्का. टायपिंग आणि नोटरीचे मिळून २,६५० रुपये गेले, कारण दोनदा पानं बदलावी लागली. हे शपथपत्र नंतर सगळ्यांना पाहायला खुलं होतं. आमच्या गल्लीत माझ्या मंगळसूत्राचं वजन आणि नवऱ्याच्या सोसायटीच्या कर्जाची रक्कम चर्चेला आली. सासूबाईंना फार लागलं. दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. घरातल्या माणसांना हे आधी समजावून सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही.

२४ ऑक्टोबरला गुरुपुष्यामृत होतं. मी अर्ज घेऊन गेले तर आवारात ढोल-ताशे, गुलाल, मोठमोठ्या गाड्या. शंभर मीटरच्या आत तीनच वाहनं आणि अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवारासह पाचच माणसं, हा नियम असतो म्हणून बरं. पण माझ्या शपथपत्रातलं एक पान नोटरीच्या शिक्क्याविना राहिलेलं. परत गेले. २५ ला, शुक्रवारी, अकरा ते तीन या वेळेत अर्ज दिला. दहा हजार रुपये रोख भरले, पावती घेतली. लगेच तिथेच शपथ घेतली. ही शपथ छाननीच्या दिवसाआधी घ्यावीच लागते, ती राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज जातो. संविधानावर निष्ठा ठेवीन हे शब्द मोठ्याने म्हणताना माझा आवाज कापला. समोरच्या नायब तहसीलदार बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्याच बाईंनी जाता जाता विचारलं, "एकच संच भरलात?" एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरायची असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. शनिवार-रविवार अर्ज घेणार नव्हते. ते दोन दिवस दुकानात येणाऱ्या बायकांकडून नव्या दहा सह्या घेतल्या, या वेळी ताज्या यादीशी प्रत्येक क्रमांक ताडून. २८ ला, वसुबारसेच्या दिवशी, दुसरा संच भरला.

३० ला छाननी. तिथे उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि आणखी एक माणूस एवढेच बसू शकतात. माझा प्रतिनिधी माझा धाकटा भाऊ. माझं नाव पुकारलं आणि पहिल्या संचावर हरकत निघाली. एका सूचकाचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत गेलेलं होतं. म्हणजे सूचक नऊच उरले. पहिला संच अवैध. भावाने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. दुसरा संच उघडला, दहाही क्रमांक जुळले, "वैध" असं ऐकलं आणि मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले. नायब तहसीलदार बाईंचा तो एक प्रश्न नसता तर माझी निवडणूक त्या दिवशीच संपली असती.

दिवाळी त्या वर्षी छाननी आणि माघारीच्या मधे आली होती. नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत घरी माणसं येत राहिली. काही खरोखर फराळाला. काही "साहेबांना एकदा भेटून घ्या" सांगायला. एकाने पुलाचं काम मार्गी लावायचा शब्द दिला, लेखी द्यायला तयार झाला नाही. सगळ्यांत अवघड गेलं ते नात्यातल्या माणसांनी केलेलं. दीर पाडव्याला म्हणाले, "वहिनी, मतं खाल्लीस म्हणून उद्या नाव खराब होईल." मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. माझे वडील मात्र वेगळ्याच सुरात बोलले. ते १९९५ च्या गोष्टी सांगत बसले, त्या साली ४५ अपक्ष निवडून आले होते आणि सरकार त्यांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं होतं. मग सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांवर आले. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आलेला माणूस १९७२ ला आणि १९९५ ला हरलाही होता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी हरणार हे त्यांना दिसत होतं, आणि ते मला त्याची सवय करून देत होते, हे मला नंतर उमगलं.

४ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता माघारीची वेळ संपली. रिंगणात १९ जण उरले. मग चिन्हं. मुक्त चिन्हांच्या यादीतून तीन पसंती द्यायच्या असतात. माझी पहिली शिलाई मशीन, दुसरी कात्री, तिसरी बादली. शिलाई मशीन एका नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवारानेही मागितलं होतं. अशा वेळी अपक्षाआधी त्याचा हक्क. कात्रीसाठी आम्ही दोन अपक्ष होतो, चिठ्ठी टाकली, कात्री दुसऱ्याला गेली. मला बादली मिळाली. वाईट वाटलं, पण बादली ओळखू येत नाही असं घर नाही.

खरा धक्का क्रमांकाचा होता. यादीत आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे. माझं नाव 'स'वरून सुरू होतं. क्रमांक १७ आला. एका मतदान यंत्रावर सोळाच बटणं असतात. म्हणजे मी दुसऱ्या यंत्रावर, तिथे तीन उमेदवार आणि शेवटी 'नोटा'. दुसरं यंत्र कशाचं हेच कितीतरी लोकांना माहीत नव्हतं. एका वस्तीवर म्हातारेबुवा म्हणाले, "ते दुसरं खासदाराचं असंल." मग माझा सगळा प्रचार एका वाक्याभोवती फिरला: दुसऱ्या यंत्रावर पहिलं बटण, बादली. पुठ्ठ्याची दोन यंत्रं करून आम्ही गावोगाव दाखवत हिंडलो. पुलाबद्दल बोलायला त्यातून जो वेळ उरेल तो.

खर्चाची मर्यादा विधानसभेला ४० लाख रुपये आहे. माझ्याकडे त्याच्या जवळपासही काही नव्हतं, पण हिशेबाचे नियम सगळ्यांना तेच. अर्ज भरल्यावर एक रजिस्टर मिळतं, पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. प्रचाराच्या काळात तीनदा ते तपासायला न्यावं लागतं, आणि निवडणूक यंत्रणा स्वतःही तुमच्या खर्चाची वेगळी नोंद ठेवत असते. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे धरावी लागते. मामेभावाने दोन दिवस जीप दिली, तीही लिहिली. एखाद्याला पूर्ण निवडणुकीत मिळून दहा हजारांहून जास्त द्यायचे असतील तर रोख चालत नाही, चेकने किंवा खात्यातूनच द्यावे लागतात. टेम्पोवाल्याला रोखच हवी होती. तीन दिवस त्याच्याशी बोलण्यात गेले, शेवटी त्याच्या बायकोच्या जनधन खात्यावर द्यायचं ठरत होतं, पण बिल ज्याच्या नावाचं त्याच्याच खात्यात पैसे जायला हवेत असं भावाने अडवलं. बरं झालं.

माझा खर्च असा झाला: स्पीकर लावलेला टेम्पो बारा दिवस, रोज ३,५०० प्रमाणे ४२,०००. पत्रकं १४,०००. फ्लेक्स ६,४००. कोपरा सभांच्या खुर्च्या, माईक आणि मामेभावाची जीप मिळून ११,७५०. बूथवरच्या मुलांचं चहापाणी आणि जेवण ९,३००. एकूण ८३,४५०. त्यातले ५१,००० लोकांनी दिले, प्रत्येकाचं नाव आणि रक्कम नोंदवून. पत्रकावर छापखान्याचं आणि प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि प्रतींची संख्या असायलाच हवी. आमच्या पहिल्या पाचशे प्रतींवर संख्या नव्हती, त्या वाटल्या नाहीत. वाहन, सभा, स्पीकर यांच्या परवानग्या एक खिडकीतून मिळतात. वाहन परवान्याची मूळ प्रत काचेवर चिकटवायची, झेरॉक्स चालत नाही. मतदार यादी मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मोफत मिळते, अपक्षाला मिळत नाही.

१८ तारखेला संध्याकाळी सहा वाजता प्रचार थांबला. घसा बसला होता. त्या रात्री चार महिन्यांत पहिल्यांदा मी मुलीच्या वेण्या घातल्या.

मतदानाच्या दिवशी बूथ साडेतीनशेच्या वर आणि माझे मतदान प्रतिनिधी ३१. त्यांच्या नेमणुकीचा नमुना १० प्रत्येकासाठी वेगळा भरून सही करून ठेवा, रात्री जागून केला तर चुका होतात. अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधीची यंत्राची चाचणी, पहाटे साडेपाचला सुरू होतं, किमान पन्नास मतं टाकून दाखवतात. आमची मुलं पाच वाजता हजर होती. संध्याकाळी नमुना १७ क ची, म्हणजे त्या केंद्रावर किती मतं नोंदली गेली त्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, एवढंच मी सगळ्यांना बजावलं होतं. एकतीसपैकी अठ्ठावीस जणांनी आणली.

२३ ला सकाळी आठला मोजणी. मोबाइल बाहेर. आधी टपाली मतं, मग यंत्रं. चौदा टेबलं आणि माझे मोजणी प्रतिनिधी चार. जाळीपलीकडून अधिकारी यंत्राचा आकडा दाखवतात आणि तुमच्या माणसाने तो टिपून घ्यायचा असतो. पहिल्या फेरीत मला ४१ मतं पडली. सहाव्या फेरीपर्यंत माझ्या बाजूला बसलेले दोन अपक्ष उठून गेले. मी थांबले, कारण पुलापलीकडच्या गावांची यंत्रं अजून यायची होती. ती पंधराव्या फेरीत आली. दोन्ही गावांची मिळून ३८८. शेवटी एकूण २,३१४. अनामत वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशहून जास्त मतं लागतात, तिथपर्यंत पोहोचायला मला तीस हजारांहून जास्त मतं कमी पडली. राज्यात त्या वेळी २८८ जागांवर फक्त दोन अपक्ष निवडून आले, हे रात्री टीव्हीवर कळलं. घरी गेले तर सासूबाईंनी पिठलं-भाकरी करून ठेवली होती. काही बोलल्या नाहीत, शेजारी बसून राहिल्या.

इथे बहुतेक हरलेले उमेदवार फाइल बंद करतात, आणि हेच मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो. दिला नाही आणि योग्य कारण नसलं तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. माझ्याबरोबर लढलेल्या दोघांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांना मी फोन करून सांगितलं.

निकालानंतर २६ व्या दिवशी ताळमेळ बैठक असते, तिथे आपला हिशेब आणि यंत्रणेची नोंद जुळवून पाहतात. माझी १९ डिसेंबरला झाली. यंत्रणेच्या नोंदीत माझ्या नावावर ४,२०० रुपयांच्या खुर्च्या जास्त दाखवल्या होत्या. ती सभा दुसऱ्याच उमेदवाराची, त्याच पटांगणात, त्याच दिवशी सकाळी झालेली. माझ्याकडे माझ्या सभेच्या परवानगीची प्रत होती, वेळ संध्याकाळी पाचची. ती दाखवल्यावर नोंद दुरुस्त झाली. परवानगीचा एकही कागद फेकू नका. २० ला रजिस्टर, बिलं, बँकेचा उतारा आणि शपथपत्र जमा केलं. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख नीट उमटली आहे का ते तिथेच पाहिलं.

त्याच आठवड्यात नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं. ते संपल्यावर नवे आमदार तालुक्याला आले. मी त्यांच्या कार्यालयात गेले, मतदानकेंद्रनिहाय निकालाचा नमुना २० बरोबर होता, त्यात त्या दोन गावांच्या ओळींवर पेन्सिलीने खूण केलेली. पुलाबद्दल तारांकित प्रश्न विचारावा असं एक पानी पत्र दिलं, प्रश्नाचा मसुदाही जोडला: काम केव्हा सुरू झालं, किती रक्कम खर्ची पडली, का थांबलं, केव्हा पूर्ण होणार. ते म्हणाले, "ताई, पत्र ठेवून जा, बघतो." मी दुसऱ्या प्रतीवर त्यांच्या कार्यालयाचा आवक शिक्का घेतला. अर्थसंकल्पी अधिवेशन मार्च २०२५ मध्ये होणार होतं. प्रश्नांच्या याद्या संकेतस्थळावर आल्या की पहिल्या दिवसापासून वाचायच्या, असं मी ठरवलं. अक्कांनाही तसं कळवलं.